ओवा, लसूण, हळद आणि ब्रॉयलर कोंबडी

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही बाहेर आलो, तो आमच्या धर्मग्रामातील एक तरुण जोडपे व्हरांड्यात आमची वाट पाहत उभे असलेले दिसले. बेळगावच्या पश्चिमेस, जेथे पाऊस कोकणासारखा कोसळतो त्या पट्ट्यात, त्यांची बाराशे पक्ष्यांची एक शेड आहे. पूर्वी ते एका कंपनीसाठी करारावर कोंबड्या वाढवीत. आता स्वतः पिल्ले विकत घेतात, स्वतः खाद्य कालवितात आणि वाढलेले पक्षी आसपासच्या खाटकांना व लग्नघरांना विकतात. नवऱ्याने आमच्या टेबलावर एक बाटली ठेवली. बायकोने पिशवीतून एक कागद काढून त्या बाटलीशेजारी ठेवला.

बाटली हिरव्या रंगाची होती. तिच्यावर तुळशीच्या पानांचे व हळकुंडाचे चित्र आणि 'कोंबड्यांच्या सर्व रोगांवर रामबाण' असे शब्द. आत काय आहे व किती आहे, ह्याविषयी मात्र एक अक्षरही नव्हते. कागद होता तो नवऱ्याच्या आईच्या लघवीच्या तपासणीचा. त्या पावसाळ्यात बाईंना मूत्रमार्गाचा विकार झाला, ताप हटेना, म्हणून रुग्णालयात जंतू वाढवून त्यांना कोणते औषध लागू पडते ते पाहण्यात आले होते. कागदावर औषधांच्या नावांची एक लांब रांग होती आणि बहुतेक नावांपुढे 'आर' हे एकच इंग्रजी अक्षर. म्हणजे जंतू ह्या औषधास दाद देत नाहीत. त्या रांगेत सिप्रोफ्लॉक्सासिन हे नाव होते. शेवटी शिरेतून द्यावयाच्या एका महागड्या औषधाने अकराव्या दिवशी ताप उतरला. बाई आता बऱ्या आहेत. घरावर कर्ज मात्र राहिले.

"फादर," सूनबाई म्हणाली, "पिल्लं आली की पहिले पाच दिवस आम्ही पाण्यातून एन्रोफ्लॉक्सासिन देतो. ते औषध आणि हे औषध भाऊभाऊ आहेत, असं दुकानातला पोरगा सांगतो. आमच्याच कोंबड्यांमुळं सासूबाईंना असं झालं का?"

नवऱ्याचा प्रश्न निराळा होता. "ही झाडपाल्याची बाटली पाजली तर ते दुसरं बंद करता येईल का, एवढंच सांगा."

पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर असे की, ते कोणालाही सांगता येणार नाही. माणसेही आपल्याकडे सर्दीपडशाला ह्याच गोळ्या चणेफुटाण्यांसारख्या खातात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दिवशी ठाऊक नव्हते. पुढील काही महिने आम्ही त्यासंबंधी वाचीत राहिलो, ओळखीच्या पशुवैद्यांना विचारीत राहिलो, आणि जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या परसात कोंबड्या आहेत, कित्येकांच्या शेतात शेड आहे, आणि कोंबडी खाणारे तर बहुतेक सारेच आहेत.

प्रतिजैविके कोंबडीच्या खाद्यात मुळात आली कशी, ही हकीकत मोठी चमत्कारिक आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे लेडर्ली ह्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत टॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोकस्टॅड हे दोघे संशोधक पिल्लांना स्वस्तात ब-१२ जीवनसत्त्व कशातून मिळेल ह्याचा शोध करीत होते. ह्या संशोधनाचे प्रमुख ऑगस्ट १९४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत आपले भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे येथे सांगावयास हवे. कारण आपल्या लोकांना त्यांचे नाव जितके ठाऊक असावे तितके नाही. ऑरिओमायसिन हे औषध ज्या बुरशीसदृश जंतूपासून काढीत, त्याचा चोथा फुकट जात असे. ज्यूक्सने तो पिल्लांना चारून पाहिला. १९४८ सालच्या नाताळच्या दिवशी हाताखालच्या मंडळींना सुट्टी देऊन त्याने स्वतः पिल्ले तोलली, तेव्हा चोथा खाणारी पिल्ले सर्वांहून जड भरली, इतकी की नुसत्या जीवनसत्त्वाने ते साधले नसते. चोथ्यात उरलेल्या औषधाच्या अंशाची ती करामत होती. १९५० साली ही गोष्ट जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत जगभर कोंबडी, डुक्कर व वासरू ह्यांच्या खाद्यात प्रतिजैविके चिमूटचिमूट पडू लागली. ती रोग बरा करण्यासाठी नव्हती. वाढ लवकर व्हावी एवढ्याचसाठी होती.

ही चिमूट नेमकी कशी काम करते, ह्यावर विद्वानांत अजून वाद आहे. आतड्यातील जंतूंची गर्दी कमी होते, आतड्याच्या अस्तराची जळजळ शमते, आणि जंतूंशी झगडण्यात जाणारे अन्न अंगी लागते, असे साधारणतः म्हणतात. परंतु ह्या साऱ्या वादापेक्षा आम्हांस एक जुनी व सर्वमान्य गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली. ती अशी की, शेड जितकी घाण तितका ह्या चिमटीचा गुण जास्त दिसतो, आणि नव्या, स्वच्छ, कोरड्या शेडमध्ये तो जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे औषध जे काम करीत होते, त्यातले बरेचसे काम झाडूचे होते.

किंमत पुढे चुकवावी लागली. जंतूंना मरणार नाहीत इतकेच औषध दिले तर ते त्या औषधाला सरावतात, हा धोका पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांनी १९४५ सालीच नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात सांगून ठेवला होता. १९६९ साली ब्रिटनमध्ये स्वान समितीने माणसांच्या उपचारात लागणारी औषधे जनावरांच्या वाढीसाठी वापरू नयेत असा अभिप्राय दिला. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठीची सर्व प्रतिजैविके बंद केली. युरोपीय संघाने ती १ जानेवारी २००६ पासून बंद केली. एन्रोफ्लॉक्सासिन तर अमेरिकेने २००५ सालीच कोंबड्यांसाठी बंद केले, कारण कोंबडीतून माणसाला होणाऱ्या एका प्रकारच्या हगवणीचे जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनला जुमानीनासे झाले होते. औषधाच्या दुकानातील तो पोरगा खोटे सांगत नव्हता: एन्रोफ्लॉक्सासिनचा काही भाग पक्ष्याच्या शरीरातच सिप्रोफ्लॉक्सासिन बनतो.

आपल्याकडे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट ह्या संस्थेने २०१४ साली दिल्ली व आसपासच्या बाजारांतून कोंबडीचे ७० नमुने तपासले, त्यांतील ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश निघाले. पुढच्याच वर्षी चीनमधून अधिक चिंतेची बातमी आली. कॉलिस्टिन हे, दुसरी औषधे हरली म्हणजे डॉक्टर ज्याच्याकडे वळतात असे औषध. त्याला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्या जंतूकडे सरळ हातोहात जाऊ शकतो, असे डुकरे, मांस व रुग्ण ह्यांच्या तपासणीत आढळले. आपल्या सरकारने जुलै २०१९ मध्ये कॉलिस्टिन कोंबड्यांसाठी, अन्नासाठी पाळलेल्या इतर जनावरांसाठी व त्यांच्या खाद्यपूरकांसाठी बंद केले. तोपर्यंत ते अनेक शेडमध्ये सर्रास दिले जात होते.

येथे ब्रॉयलर पक्ष्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण त्याच्याकडे पाहिल्यावाचून हा सारा खटाटोप का, ते कळत नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ व २००५ ह्या सालच्या जातींचे पक्षी एकाच वेळी, एकच खाद्य देऊन वाढविले. ५६ दिवसांनी पहिला भरला ९०५ ग्रॅम, दुसरा १८०८ ग्रॅम आणि तिसरा ४२०२ ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेवढेच. ही करणी औषधांची किंवा कोणत्या सुयांची नव्हे, निवडक पैदाशीची आहे. लोक सुईची जी गोष्ट सांगतात ती निराधार आहे. परंतु चाळीस ग्रॅमचे पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोंच्या वर जावयाचे, तर त्याच्या आतड्याला रात्रंदिवस राबावे लागते. ते आतडे जरा बिघडले की सगळे गणित कोसळते. खर्चाचे साठ ते सत्तर टक्के खाद्यातच जातात. म्हणूनच शेतकरी आतड्यासाठी काहीही पाजावयास तयार होतो. (हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या कोंबडीसाठी काढलेली 'वनराजा' जात हळू वाढते आणि तिला असले लाड लागत नाहीत, पण तिच्या मालकाला बँकेचा हप्ता दर दोन महिन्यांनी भरावयाचा नसतो.)

प्रतिजैविके गेली तर त्यांच्या जागी काय, ह्या प्रश्नाच्या अनेक उत्तरांपैकी एक म्हणजे वनस्पतिजन्य खाद्यपूरके. युरोपात त्यासाठी प्रामुख्याने ओरेगॅनो व थाइम ह्या दोन सुगंधी झुडपांचे तेल वापरतात. नावे परकी वाटली तरी वास ओळखीचा आहे. थाइमच्या तेलातील मुख्य द्रव्य थायमॉल, आणि तेच आपल्या ओव्याचेही मुख्य द्रव्य. ओव्याच्या अर्कातून जमणारे पांढरे स्फटिक आपल्या आज्या 'ओव्याचे फूल' म्हणून बाळगीत. ते दुसरे काही नसून थायमॉलच. आमच्या इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांस हे वाचून कौतुक वाटेल की, एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी औषधिग्रंथांत हे फूल उज्जैन व मध्य हिंदुस्थानात तयार होत असल्याची नोंद आहे. पुढे पहिल्या महायुद्धापूर्वी आपला ओवा जहाजांनी जर्मनीस जाई, तेथे त्याचे थायमॉल काढीत. ओरेगॅनोतील मुख्य द्रव्य कार्व्हॅक्रॉल. ते थायमॉलचे सख्खे भावंड, आणि पुष्कळ अंगणांत तुळशीशेजारी जो जाड पानांचा पानओवा असतो, त्यात ही दोन्ही सापडतात.

ही द्रव्ये जंतूच्या अंगावरील पातळ पापुद्रा सैल करतात. पापुद्र्याला गळती लागते आणि जंतू मरतो किंवा दुबळा होतो. लसणाची तऱ्हा वेगळी. अख्ख्या पाकळीत औषध नसतेच. पाकळी ठेचली, म्हणजे तिच्यातील दोन निरनिराळ्या कप्प्यांतील द्रव्ये एकत्र येऊन ॲलिसिन तयार होते. ते १९४४ साली वेगळे काढण्यात आले. म्हणूनच अख्खा लसूण उकळून त्याचे पाणी पक्ष्यांना पाजणे हे निव्वळ श्रम होत. हळदीतील कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते, अशी माणसांच्या डॉक्टरांची तक्रार असते. परंतु कोंबडीच्या बाबतीत ते आतड्यातच राहिले तर ते आपल्या कामाच्या जागीच राहिले. पावसाळ्यात मक्याला व भुईमुगाच्या पेंडीला जी बुरशी येते तिचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष यकृत पोखरते. ह्याच विषाने १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले होते. त्या विषाचा यकृतावरील घाव हळदीने काही अंशी सौम्य होतो असे प्रयोगांत दिसले आहे. काही अंशीच, बुरशीचा मका हळद लावून शुद्ध होत नाही.

आणखी एक मौज सांगून पुढे जातो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्याच्या वाटेने आणलेली मिरची आपल्या जिभेला चटका देते, पण कोंबडीला देत नाही. तो चटका ओळखणारे जे यंत्र आपल्या मज्जातंतूंत आहे, ते पक्ष्यांत त्या द्रव्याला दादच देत नाही. म्हणून पोपट हिरव्या मिरच्या आरामात खातो, आणि म्हणूनच खाद्यात मिरचीचा अर्क घालून पोटातील साल्मोनेला जंतू कमी होतात का, हे पाहणे संशोधकांस शक्य झाले. कमी झाल्याचे काही प्रयोगांत आढळलेही.

आता ह्या साऱ्याचा प्रत्यक्ष उपयोग किती? प्रयोग पुष्कळ झाले आहेत, निकाल मात्र एका सुरात बोलत नाहीत. कोठे वजन वाढते, कोठे खाद्य थोडे वाचते, कोठे काहीच फरक पडत नाही. असे होण्याचे कारण उघड आहे. ओवा म्हणजे गोळी नव्हे. एका शेतातील ओव्यात जितके तेल, तितके शेजारच्या शेतातील ओव्यात असेलच असे नाही. जात, हंगाम, साठवण ह्यांवर ते ठरते. उडून जाणारे तेल उघड्या पोत्यात टिकत नाही, आणि कारखान्यात खाद्याच्या गोळ्या वाफेवर दाबतात तेव्हा उष्णतेने आणखी उडते. उरलेले तेल आतड्याच्या वरच्या भागातच शोषले जाते, जंतूंची गर्दी असते खालच्या भागात. म्हणून मोठे कारखाने तेलाच्या थेंबावर मेणासारखे कवच चढवितात. घरी कालविलेल्या भुकटीला ते कवच नाही.

तसेच 'झाडपाल्याने अपाय होत नाही' हे वाक्य आम्हांस कधीच पटले नाही. ह्याच थायमॉलने १९०९ ते १९१४ ह्या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात रॉकफेलर आयोगाने अंकुशकृमीवर लक्षावधी लोकांना उपचार दिला; पण ते औषध तेलातुपाबरोबर किंवा मद्याबरोबर पोटात गेले तर घातक होई, म्हणून रोग्यांना बजावून सांगावे लागे. कडुनिंबाचा पाला जास्त घातला तर पक्षी खाद्यच टाकतो. लवंगतेलाचा अतिरेक आतड्याला पोळतो. हळदीचा रंग उठून दिसावा म्हणून काही व्यापारी तिच्यात शिसे असलेला पिवळा रंग मिसळतात. बांगलादेशात २०१९ साली संशोधकांनी हे उघडकीस आणले आणि आपल्याकडील नमुन्यांतही शिसे सापडले आहे. मसाल्याच्या बाजारातील बुरशीचा झाडा-कचरा 'खाद्यासाठी चालेल' म्हणून स्वस्तात मिळतो, तोही नको. आणि त्या हिरव्या बाटलीसारख्या बाटल्या! काहींत गुळाचा पाक असतो. पाक पाण्याच्या नळ्यांत जाऊन आतून बुळबुळीत थर धरतो, त्या थरात जंतू सुखाने नांदतात, आणि पाजणाऱ्याला वाटते आपण औषध पाजीत आहोत. ज्या बाटलीवर द्रव्यांची नावे व प्रमाण नाही ती घेऊ नये, एवढे आम्ही त्या जोडप्यास पहिल्याच भेटीत सांगू शकलो असतो. त्या दिवशी सुचले नाही.

डेन्मार्कची हकीकत आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटली. तेथील शेतकऱ्यांनी १९९८ पर्यंत ब्रॉयलरच्या खाद्यातील वाढीची प्रतिजैविके सोडून दिली. मग हजारो बॅचच्या नोंदी तपासल्या गेल्या. मर वाढली नाही. किलो वजनामागे लागणारे खाद्य वाढले ते सुमारे १६ ग्रॅमनी, आणि न घेतलेल्या औषधाचे पैसे वाचले. हे ओव्याने किंवा ओरेगॅनोने साधले असे मात्र नव्हे. रक्ती हगवणीवरील औषधे त्यांच्या खाद्यात राहिलीच. बाकीचा भार हवा, पाणी, कोरडे तूस आणि दोन बॅचमधली मोकळी सुट्टी ह्यांनी उचलला.

इतके वाचून झाल्यावर आम्ही त्या जोडप्याच्या शेडवर गेलो. पशुवैद्य मित्र बरोबर होते. त्यांनी खाद्याकडे पाहिलेही नाही. गुडघे टेकून, पक्ष्याच्या उंचीवर नाक नेऊन त्यांनी श्वास घेतला आणि डोळे पुसले. अमोनियाचा उग्र दर्प खाली कोंडलेला होता. उभ्या माणसाला तो जाणवत नव्हता. मग त्यांनी मूठभर तूस उचलून दाबले. मूठ उघडल्यावर ते भुगभुगीत सुटावयास हवे. त्याचा लाडू झाला. पडदे थंडीच्या भीतीने दिवसभर खाली सोडलेले होते. पाण्याची टाकी वर्षभर धुतलेली नव्हती. नव्या पिल्लांविषयी त्यांनी एकच प्रश्न विचारला: पिल्ले आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गळ्याशी असलेली अन्नाची पिशवी चाचपून पाहता का? ती मऊ व भरलेली लागली पाहिजे. जी रिकामी लागतात ती पिल्ले थंडीने गारठलेली असतात, किंवा त्यांना पाणी सापडलेले नसते. आणि पाच दिवसांच्या आत तीच मरतात. "तीच वाचवायला तुम्ही ते औषध पाजता," मित्र म्हणाले, "आणि बाकीच्या अकराशेंना उगीच पाजता."

नवऱ्याने ह्यावर काही उत्तर दिले नाही. बायकोने पडदे वर केले.

मग हिशेब झाला. एक पक्षी सहा आठवड्यांत साडेतीन किलो खाद्य खातो असे धरले तर बाराशे पक्ष्यांना ४२०० किलो लागते. प्रयोगांत हळदीचे किंवा लसणाच्या भुकटीचे प्रमाण बहुधा किलोमागे ५ ते १० ग्रॅम असते. ५ ग्रॅमने नुसती हळदच २१ किलो झाली. भाव किलोस १५० रुपये धरला तर ३१५० रुपये. तिने पक्ष्यामागे १०० ग्रॅम खाद्य वाचविले तर १२० किलो खाद्य, म्हणजे ४० रुपये दराने ४८०० रुपये वाचतील. वाचविले नाही तर ३१५० रुपये बुडाले. सांगलीची हळद आमच्याकडे स्वस्तात येते खरी, पण स्वस्त म्हणजे फुकट नव्हे.

शेजारची शेड अजून करारावर आहे. तेथील गृहस्थ कुंपणापलीकडून ऐकत होते. पिल्ले कंपनीची, खाद्याची पोती कंपनीची, औषधही कंपनीचे. त्यांचे म्हणून काय ते शेड, वीज, पाणी आणि घरच्या माणसांचे हात. पोत्यात काय आहे हे त्यांना विचारता येते, ठरविता येत नाही. खाद्यात आपल्या मनाने ओवा मिसळला तर करारभंग होतो. "मला फादर, तुस आणि पडदेच," ते म्हणाले. हे त्यांनी हसत सांगितले, पण आमच्या मते ह्या विषयातील सर्वांत जड गोष्ट तीच आहे. कोंबडीला काय चारावयाचे हे जेथे दूरच्या कचेरीत ठरते, तेथे शेतकऱ्याला उपदेश करणाऱ्यांनी आधी त्या कचेरीत जावे. आम्हीही तेथे अजून गेलेलो नाही.

आमच्या जोडप्याने एक निराळीच युक्ती काढली. शेडच्या मधोमध जाळी लावून तिचे दोन भाग केले. दोन्हीकडे सहाशे सहाशे पिल्ले. एन्रोफ्लॉक्सासिन दोन्हीकडे बंद, कारण बायकोची ती अटच होती. एका भागात खाद्यातून हळद, ओव्याची ताजी भरड व लसणाची भुकटी. दुसऱ्या भागात साधे खाद्य. रोज मेलेले पक्षी मोजून वहीत लिहावयाचे आणि शेवटी प्रत्येक भागातील पन्नास पक्षी तोलावयाचे. हिवाळ्यातील पहिल्या बॅचमध्ये दोन्ही बाजूंच्या सरासरीत १८ ग्रॅमचा फरक पडला. तराजूच तितका इकडेतिकडे होतो. मर मात्र दोन्हीकडे मागच्या हिवाळ्यापेक्षा कमी झाली होती, औषध न देता. उन्हाळ्यात लग्नसराईच्या घाईत प्रयोग बाजूला राहिला.

जूनमध्ये पुन्हा जाळी लागली. ह्या वेळी साध्या बाजूला ३१ पक्षी गेले आणि मसाल्याच्या बाजूला १९. नवरा वही घेऊन धावतच आमच्याकडे आला. आम्हीही आनंदलो. बायको मागून आली आणि तिने सांगितले की, साध्या बाजूच्या कोपऱ्यात पत्रा गळत होता आणि तेथील तूस आठ दिवस भिजलेले होते. शिवाय पंचविसाव्या दिवशी रक्ती हगवण दिसली तेव्हा डॉक्टरांनी अँप्रोलियम दिले, ते दोन्ही बाजूंना. ओव्याने ती हगवण थोपविली नव्हती. फार तर थोडी बोथट केली असेल. डॉक्टरांनी त्याच वेळी हेही बजावले की, पक्षी खरोखर आजारी पडले तर निदान करून योग्य ते औषध पूर्ण मात्रेत द्यावे आणि नंतर ठरलेले दिवस उलटल्याखेरीज पक्षी विकू नये. मसाल्याच्या भरवशावर त्यांना तडफडत ठेवणे हाही अन्यायच.

हे लिहीत असता तिसरी जोडबॅच शेडमध्ये आहे आणि आज तिचा तिसावा दिवस आहे. ह्या वेळी त्यांनी बाजू बदलल्या आहेत: ज्या कोपऱ्यात पत्रा गळत होता तिकडे हळद-ओवा-लसूण, आणि दुसरीकडे साधे खाद्य. पत्राही बदलला आहे. काल सायंकाळी आम्ही गेलो तेव्हा वहीत एका बाजूला ९ व दुसऱ्या बाजूला ११ हे आकडे होते. सासूबाई जाळीजवळ स्टुलावर बसून लसूण सोलीत होत्या.